दिवा हिरवा, वाट बंद : सोलारिस सर्व्हरवरच्या आयपीएमपी ग्रुपचं एक प्रकरण

एकाच शाखेतले शेजारीशेजारचे दोन काउंटर. एकावर पैसे भरून घेतायत, पासबुकं छापली जातायत. दुसऱ्यावर लॉगिनच पुढे सरकत नाही. पलीकडच्या तालुक्यातल्या शाखेत तीन पीसी चालू, एक बंद. एटीएमचा इंटरफेस तर सकाळपासून साफ आडवा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेच्या हेल्पडेस्कवर मार्च एंडच्या ऐन धावपळीत आलेल्या या तक्रारी. शाखांनी आपापल्या परीने उपाय करून पाहिले होते: पीसी रीस्टार्ट केला, अँटिव्हायरस बंद केला, नेटवर्कची वायर काढून पुन्हा खोचली. एका शाखेने तर दोन काउंटरच्या वायरी आपसात बदलून पाहिल्या. बिघाड वायरीबरोबर हलला नाही, पीसीला चिकटून राहिला. हा तपशील त्या वेळी कुणी मनावर घेतला नाही, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

बँकेचं डेटा सेंटर नवी मुंबईत, महापेला. कोअर बँकिंगचं अ‍ॅप्लिकेशन आणि ओरॅकलचा डेटाबेस एकाच सर्व्हरवर: सनचा टी५२२०, त्यावर सोलारिस १० ही ऑपरेटिंग सिस्टिम. शाखांतले पीसी थेट या सर्व्हरला जोडले जात. सर्व्हरची दोन पोर्टं आयपीएमपी (आयपी मल्टिपाथिंग) ग्रुपमध्ये, म्हणजे एक पडलं तर दुसऱ्याने काम उचलावं अशा जोडीत, बांधलेली होती. ई१०००जी० हे मदरबोर्डवरचं, ई१०००जी४ हे वेगळ्या कार्डावरचं. म्हणजे कार्ड जळालं तरी दुसरं पोर्ट शाबूत. दोन्ही पोर्टं दोन वेगळ्या अ‍ॅक्सेस स्विचना, दोन्ही स्विच आपापल्या अपलिंकने, म्हणजे वर जाणाऱ्या दुव्याने, मध्यवर्ती अशा दोन वेगळ्या कोअर स्विचना. कागदावर पाहिलं तर कुठेही एकट्या वस्तूवर भिस्त नाही. ज्याने हे आखलं त्याला काम येत होतं, यात शंका नाही.

ग्रुपवर डेटाचे दोन पत्ते होते. ई१०००जी०वर १०.२०.३०.११, ज्याला शाखा जोडल्या जात, ई१०००जी४वर १०.२०.३०.१२, जो एटीएम स्विचच्या इंटरफेसला दिलेला. दोन्ही पोर्टं एकाच वेळी कामावर, राखीव कुणी नाही. एक पडलं की त्याचा पत्ता दुसऱ्यावर जाणार.

मग त्या दिवशी तो गेला का नाही?

पहिला तास नेहमीसारखाच वाया गेला. नेटवर्कच्या माणसाने स्विचवर लॉगिन करून सांगितलं, ‘‘सर, तुमची दोन्ही पोर्टं अप आहेत, एररही नाहीत. तुमच्या सर्व्हरचंच बघा.’’ सर्व्हरवर इफकॉन्फिग (इंटरफेसची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवलं तर दोन्ही इंटरफेसवर अप आणि रनिंग हे झेंडे जागच्या जागी, फेल्डचा मागमूस नाही. डेटाबेसवाल्यांनी लिसनर (जोडण्या स्वीकारणारा भाग) तपासला, ठणठणीत. अ‍ॅप्लिकेशनच्या व्हेंडरने आपल्या नेहमीच्या सवयीने अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट करायला लावलं. त्यानंतर काही बंद काउंटर सुरू झाले आणि काही चालू काउंटर बंद पडले. व्हेंडर म्हणाला, बघा, फरक पडला.

खरा धागा नेटस्टॅटने दिला. जोडण्यांच्या यादीत शाखांतल्या काही पीसींच्या ओळी एसवायएन रिसीव्ह्ड या अवस्थेत अडकून पडल्या होत्या. याचा अर्थ सरळ आहे: पीसीने दार ठोठावलं, सर्व्हरला ऐकू आलं, सर्व्हरने उत्तर दिलं, पण त्या उत्तराची पोच आलीच नाही. येणारी वाट ठीक, जाणारी बंद. आणि तीही काहींपुरतीच.

आता दोन्ही इंटरफेसवर स्नूप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी आज्ञा, लावला. ई१०००जी०वर पॅकेटांचा पूर, नजर ठरत नव्हती. ई१०००जी४वर मात्र सर्व्हरकडून बाहेर जाणारी पॅकेटं आणि आत येणारं जवळपास काहीच नाही. शेजारच्या रॅकमधल्या दोन सर्व्हरांचे अधूनमधून येणारे एआरपीचे, म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ असे प्रश्न, आणि दर दोन सेकंदांनी त्याच स्विचने पाठवलेला स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे स्विचांच्या जाळ्यात वर्तुळ होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलचा, संदेश. गेटवेकडून, म्हणजे बाहेरच्या जाळ्याच्या दारातून, एक पॅकेट नाही. सर्व्हरांच्या व्हीलॅनमधलं (स्विचवर वेगळ्या आखलेल्या जाळ्यातलं) निरोगी पोर्ट असं कधीच गप्प बसत नाही; कुणी ना कुणी कुणाचा तरी पत्ता विचारतच असतो. इतकी शांतता म्हणजे तो स्विच बाकी जगापासून तुटलेला आहे.

तसंच निघालं. नेटवर्कच्या माणसाने दुसऱ्या अ‍ॅक्सेस स्विचवर कन्सोलने जाऊन पाहिलं तर त्याच्या अपलिंकचं एसएफपी मॉड्यूल (केबल खोचायचा सुटा भाग) मेलेलं होतं. स्विच स्वतः जिवंत, त्याला लागलेल्या सर्व्हरांची पोर्टं हिरवी, आणि वरचा बाप दिसेनासा झाल्यामुळे त्या स्विचने स्पॅनिंग ट्रीत स्वतःलाच रूट ठरवून टाकलं होतं. पावसाळ्यात कोकणात घरापुढचा रस्ता कोरडा असतो आणि पुढचा साकव वाहून गेलेला असतो, तशी गत. अंगणातून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

मग एक काम केलं जे त्या खोलीत उभ्या असलेल्या बँकेच्या अधिकाऱ्यांना चक्रावून गेलं. डेटा सेंटरच्या माणसाला सांगितलं, ई१०००जी४ची केबल उपटा. हिरवा दिवा विझला, ड्रायव्हरने लिंक गेल्याचं कळवलं, १०.२०.३०.१२ हा पत्ता ई१०००जी०वर उडी मारून गेला, आणि काही सेकंदांत सगळे काउंटर आणि एटीएम चालू. चालू दिसणारी केबल काढल्यावर बँक सुरू झाली, हे त्यांना पुढे बराच वेळ समजावून सांगावं लागलं.

अर्धं अर्धं का बंद पडलं

हे कोडं सोडवायला आयपीएमपी बाहेर जाणारी पॅकेटं कशी वाटतं ते पाहावं लागतं. आत येणाऱ्या वाहतुकीचं सोपं आहे: ज्या पोर्टावर पत्ता, त्या पोर्टाने ती येते. म्हणून एटीएमचा पत्ता, जो ई१०००जी४वर होता, पूर्ण मेला. बाहेर जाताना मात्र सोलारिस ग्रुपमधल्या सगळ्या चालू पोर्टांवर ओझं वाटतं, आणि वाटणी होते ती समोरच्या पत्त्यानुसार. एका ठिकाणाकडे जाणारी पॅकेटं एकाच पोर्टाने जावीत, म्हणजे त्यांचा क्रम बिघडत नाही, हा त्यामागचा विचार. त्यामुळे एका पीसीची उत्तरं ई१०००जी०ने गेली, तर त्याच्याच शेजारच्या पीसीची ई१०००जी४ने. पहिला चालू, दुसरा बंद. शाखेने वायरी बदलल्या तरी पीसीचा पत्ता तोच राहिला, म्हणून बिघाडही तिथेच राहिला. आणि अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट झाल्यावर सगळ्या जोडण्या नव्याने बांधल्या गेल्या तेव्हा वाटणी बदलली, फटका बसणारे बदलले.

मला विचाराल तर अर्धा बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा वाईट. त्या दिवशी सर्व्हर पूर्ण तुटला असता तर पंधरा मिनिटांत सगळे नेटवर्कवर आले असते. इथे प्रत्येकाजवळ ‘माझ्याकडून चालू आहे’ म्हणायला पुरावा होता.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. ग्रुप नेमकी कशाची राखण करत होता? आयपीएमपीची राखण करणारा डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) म्हणजे इन.एमपाथडी. त्याच्याकडे बिघाड ओळखण्याचे दोन मार्ग असतात. एक, ड्रायव्हर सांगतो ते ऐकणं: लिंक आहे की गेली. याला काही खर्च नाही, वेगळे पत्ते नकोत, आणि खबर तत्काळ मिळते. दुसरा, स्वतः चौकशी करणं: प्रत्येक पोर्टाला एक खास चाचणी पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावरून ठरावीक लक्ष्यांना आयसीएमपीचे प्रोब, म्हणजे पिंगसारखे ‘आहेस का?’ विचारणारे संदेश, पाठवत राहायचं, आणि लागोपाठ पाच प्रोबना उत्तर आलं नाही की पोर्ट मेलं असं धरायचं. पहिला मार्ग सर्व्हर ते स्विच एवढीच वायर पाहतो. दुसरा त्या वायरीच्या पुढची वाटही पाहतो.

या सर्व्हरवर चाचणी पत्ते दिलेलेच नव्हते. त्यामुळे दुसरा मार्ग आपोआप बंद होता. आणि गंमत अशी की सर्व्हरने हे लपवलं नव्हतं. व्हार, एडीएम, मेसेजेस या लॉग फाइलीत मागच्या रीबूटच्या वेळची ओळ स्वच्छ होती: या इंटरफेसवर चाचणी पत्ता नाही, म्हणून प्रोबवर आधारलेली तपासणी बंद करतो आहे. दोन्ही पोर्टांसाठी एकेक. दर रीबूटला ती येत असणार आणि दर रीबूटला कुणीतरी ती सूचना म्हणून सोडून देत असणार. ती चूक म्हणून लिहिलेली नसते, बुटिंगच्या शंभर ओळींमध्ये ती साधी माहिती वाटते.

जुन्या संस्थापनेत चाचणी पत्ते का दिले नव्हते याचं कारण फायलींतून सापडलं. सर्व्हरांचं सबनेट छोटं होतं आणि दोन पोर्टांच्या एका सर्व्हरला चार आयपी लागतात हे नेटवर्क विभागाला पटलं नव्हतं. पत्ते वाचवले होते.

चाचणी पत्ते आणि पहिली डोकेदुखी

आता पत्ते मिळाले, कारण मार्च एंडला बसलेला फटका ताजा होता. ई१०००जी०ला १०.२०.३०.२१, ई१०००जी४ला १०.२०.३०.२२. सोलारिस १०मध्ये हे इटीसीतल्या होस्टनेमच्या फायलींत लिहायचं असतं, प्रत्येक पोर्टाची वेगळी फाइल. पहिल्या पोर्टाची फाइल अशी झाली:

१०.२०.३०.११ नेटमास्क + ब्रॉडकास्ट + ग्रुप सीबीएस अप अ‍ॅडइफ १०.२०.३०.२१ डेप्रिकेटेड -फेलओव्हर नेटमास्क + ब्रॉडकास्ट + अप

यातले दोन शब्द महत्त्वाचे. ‘-फेलओव्हर’ म्हणजे हा पत्ता पोर्ट पडलं तरी जागेवरून हलणार नाही. तो हलला तर मेलेल्या पोर्टाची चौकशी जिवंत पोर्टावरून होईल आणि ते बरं झालं की नाही हे कधीच कळणार नाही. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे कुठल्याही अ‍ॅप्लिकेशनने आपलं पॅकेट पाठवताना हा पत्ता उगमाचा पत्ता म्हणून घेऊ नये. हा शब्द विसरला तर एखाद्या दिवशी डेटाबेसची जोडणी चाचणी पत्त्यावरून निघते, फायरवॉल तिला ओळखत नाही, आणि नवीनच भूत मागे लागतं. त्याच कारणासाठी चाचणी पत्ते डीएनएसमध्येही सर्व्हरच्या नावाखाली घालायचे नसतात. दोन्ही पत्ते अ‍ॅडइफने चालत्या सर्व्हरवरही देता आले. रीबूटची गरज पडली नाही. लॉगमध्ये लगेच ओळ आली की चाचणी पत्ता मिळाला, प्रोब सुरू करतो.

जाता जाता एक गोष्ट तपासून घेतली: लोकल मॅक अ‍ॅड्रेस हा ईप्रॉममधला पर्याय. जुन्या स्पार्क मशीनवर तो फॉल्स असतो आणि सगळी पोर्टं सर्व्हरचा एकच मॅक (हार्डवेअरचा) पत्ता वापरतात. एका सबनेटमध्ये दोन पोर्टं आणि मॅक एकच, तर स्विच बिचारा गोंधळतो: हा पत्ता या पोर्टावर की त्या? टी५२२०वर तो ट्रू होता. डीआर साइटवरच्या (आपत्तीसाठी राखलेल्या केंद्रातल्या) जुन्या मशीनवर मात्र फॉल्स निघाला. तिथे ग्रुप होता, फेलओव्हर होता, आणि स्विचच्या लॉगमध्ये मॅक इकडून तिकडे उड्या मारल्याच्या ओळींचा खच होता.

मुख्य सर्व्हरवर प्रोब सुरू झाले आणि काही दिवस सुरळीत गेले. मग एका रात्री नेटवर्क विभागाने कोअर स्विचवर ठरलेलं काम केलं आणि सर्व्हरने ग्रुपमधली सगळी पोर्टं निकामी झाल्याचा संदेश लॉगमध्ये टाकला. अलर्टचा एसएमएस, फोन, झोपमोड.

इथे प्रश्न लक्ष्यांचा होता. लक्ष्य कोण असावं हे आपण सांगितलं नाही तर इन.एमपाथडी आधी सबनेटवरचे राउटर शोधतो, म्हणजे व्यवहारात डीफॉल्ट गेटवे. राउटर सापडला नाही तर मल्टिकास्टवर (सगळ्यांना एकदम) हाक मारतो आणि जे पहिले पाच जण उत्तर देतील त्यांना लक्ष्य करतो. या सबनेटचा गेटवे म्हणजे दोन कोअर स्विचांमधला एचएसआरपीचा (एक स्विच पडला तर दुसऱ्याने गेटवे व्हावं या प्रोटोकॉलचा) आभासी पत्ता. म्हणजे लक्ष्य एकच, आणि तेही या मशीनवरून त्या मशीनवर सरकणारं. एचएसआरपीत नेमून दिलेली वेळ अशी की हॅलो दर ३ सेकंदांनी, आणि १० सेकंद हॅलो आला नाही तर दुसरा स्विच गादीवर बसतो. इन.एमपाथडीची बिघाड ठरवण्याची नेमून दिलेली वेळही १० सेकंदच. कोअर स्विच अचानक रीबूट झाला, दुसऱ्याने पत्ता घेईपर्यंत १० सेकंद गेले, आणि तेवढ्यात इकडे दोन्ही पोर्टांचे पाच-पाच प्रोब वाया गेले.

नुकसान काही झालं नाही. ग्रुपमधली सगळीच पोर्टं एकदम पडलेली दिसली तर इन.एमपाथडी पत्ते कुठेही हलवत नाही, हलवणार कुठे? तो जुनी लक्ष्यं टाकून नवी शोधायला लागतो. पण एका लक्ष्याच्या खोकल्याने अख्खा ग्रुप आजारी दिसतो हे कळून चुकलं.

याच्यापेक्षा त्रासदायक प्रकार पुढे आला. या सर्व्हरचं पाहून आणखी सर्व्हरांवर प्रोब सुरू केले गेले, आणि सगळ्यांचं लक्ष्य तोच गेटवे. राउटर किंवा कोअर स्विच पॅकेट पुढे पाठवतो ते हार्डवेअरमध्ये, पण त्याला स्वतःला आलेल्या पिंगचं उत्तर देतो ते त्याचा सीपीयू, आणि सीपीयूला ओझं होऊ नये म्हणून आयसीएमपीवर मर्यादा घातलेली असते. रात्री बॅकअपच्या वेळी उत्तरं उशिरा यायला लागली, काही येईनात. लॉगमध्ये ओळी: सांगितलेल्या १०००० मिलिसेकंदांत बिघाड ओळखणं जमत नाही, वेळ वाढवतो आहे. थोड्या वेळाने: वेळ सुधारली. आणि मधेच एखादं पोर्ट निकामी ठरून पत्ता पलीकडे, मिनिटभराने परत अलीकडे. वाट ठीक, वायर ठीक, फक्त ज्याला विचारतो तो उत्तर द्यायला मोकळा नाही.

लक्ष्य कुठे उभं आहे

उपाय ठरला तो असा की लक्ष्यं आपण नेमून द्यायची. सोलारिसमध्ये याची पद्धत थोडी आडवळणाची आहे: लक्ष्याच्या पत्त्यासाठी त्याच पत्त्याकडे जाणारा होस्ट रूट टाकायचा, की इन.एमपाथडी त्याला लक्ष्य समजतो. रूट अ‍ॅड -होस्ट १०.२०.३०.२ १०.२०.३०.२ -स्टॅटिक. रीबूटनंतर हे टिकावं म्हणून इटीसीतल्या आरसी२.डीमध्ये एक छोटी स्क्रिप्ट.

लक्ष्य कुणाला करायचं यावर मात्र आम्ही बराच वेळ घातला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कळीचा भाग तोच. पहिली सूचना आली ती शेजारच्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरची: कायम चालू असतो, पिंगला झटपट उत्तर देतो. पण तो त्याच अ‍ॅक्सेस स्विचवर होता. अपलिंक मेली असती तरी त्या स्विचवरच्या शेजाऱ्याने प्रोबला खुशाल उत्तर दिलं असतं आणि सगळं आलबेल दिसलं असतं. प्रोब चालू, चाचणी पत्ते चालू, आणि तरी मार्च एंडचाच प्रकार पुन्हा. म्हणूनच मल्टिकास्टने आपोआप निवडलेल्या लक्ष्यांवर माझा भरवसा नाही. पहिले पाच उत्तर देणारे बहुतेक वेळा सगळ्यात जवळचेच असतात. लक्ष्य असं हवं जे ज्या दुव्याची राखण करायची त्याच्या पलीकडे आहे.

शेवटी तीन ठरली: दोन्ही कोअर स्विचांचे त्या व्हीलॅनमधले स्वतःचे खरे पत्ते, एचएसआरपीचा आभासी नव्हे, आणि थेट कोअरला जोडलेला बॅकअप सर्व्हर. एक कोअर स्विच कामासाठी खाली गेला तरी उरलेले दोघे बोलतात. गप्प झालेलं लक्ष्य इन.एमपाथडी बाजूला ठेवतो आणि बाकीच्यांना विचारत राहतो. ओझंही तिघांत वाटलं गेलं. रात्रीची पत्त्यांची ये-जा थांबली.

बिघाड ओळखण्याची वेळ १० सेकंदांवरून खाली आणावी असा बँकेकडून आग्रह होता. फेल्युअर डिटेक्शन टाइम ही किंमत इटीसीच्या डीफॉल्ट फोल्डरातल्या एमपाथडी फाइलीत बदलून डीमनला एचयूपी सिग्नल (फाइल पुन्हा वाच ही खूण) दिला की झालं, दोन मिनिटांचं काम. आम्ही ती हलवली नाही. काउंटरवरच्या माणसाला १० सेकंद म्हणजे पडदा जरा अडकल्यासारखा वाटतो, टीसीपी तेवढ्यात पॅकेट पुन्हा पाठवून जोडणी सांभाळून घेतो. वेळ २ सेकंदांवर आणली तर कोअर स्विचच्या प्रत्येक उचकीला पत्ते उड्या मारणार.

केबल उपटणं ही चाचणी नव्हे

जुन्या स्वीकृती अहवालात ‘फेलओव्हर चाचणी : यशस्वी’ असं लिहिलेलं होतं, सही-शिक्क्यासह. चाचणी काय केली होती? इफ एमपीएडीएम -डी ने एक पोर्ट हातानं बाजूला केलं आणि पत्ता हलला, मग एक केबल उपटली आणि पत्ता हलला. दोन्ही खरं. पण पहिल्यात पत्ता हलवता येतो एवढंच सिद्ध होतं, बिघाड ओळखता येतो हे नाही. दुसऱ्यात लिंक जाण्याचा बिघाड ओळखता येतो, जो सगळ्यात सोपा आणि माझ्या अनुभवात सगळ्यात दुर्मीळ.

यावेळी रविवारी रात्री, रीतसर परवानगी घेऊन, सर्व्हरच्या केबलला हात न लावता दुसऱ्या अ‍ॅक्सेस स्विचची अपलिंक बंद केली. एका शाखेतल्या पीसीवरून दर सेकंदाला दोन्ही पत्त्यांना पिंग चालू. एटीएमच्या पत्त्याला दहा-बारा सेकंदांचं भगदाड, लॉगमध्ये ई१०००जी४वर बिघाड सापडल्याची ओळ, लगेच खाली पत्ता ई१०००जी०वर नेल्याची. ई१०००जी४चा दिवा तेव्हाही हिरवाच होता. अपलिंक परत दिल्यावर पत्ता लगेच परत गेला नाही. पोर्ट बरं झालं हे ठरवायला इन.एमपाथडी लागोपाठ दहा प्रोबांची उत्तरं मागतो, म्हणजे जवळपास २० सेकंद.

या वाट पाहण्याने आणखी एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. मागे कधीतरी अ‍ॅक्सेस स्विचचं फर्मवेअर बदललं होतं, आणि तेव्हा स्विच बंद असताना बँक नीट चालली, पण स्विच परत आल्यावर अर्धा मिनिट अडकली होती. तेव्हा ग्रुप फक्त लिंक पाहत होता. स्विच चालू झाला, दिवा लागला, आणि पत्ता तत्काळ घरी परतला. पण जुन्या स्पॅनिंग ट्रीत नुकतंच उठलेलं पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, आणि मगच पॅकेटं पुढे सोडतं. दिवा पेटलेला, दार अजून बंद. प्रोब असल्यावर ही घाई आपोआप टळते. तरीही सर्व्हरांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे हे ऐकणं-शिकणं वगळणारा पर्याय, लावून घेतला, कारण केबल काढून घातली तरी तोच अर्धा मिनिट जातो. फेलबॅक बंद ठेवण्याचाही पर्याय होता, म्हणजे बरं झालेलं पोर्ट तसंच रिकामं ठेवायचं. तो घेतला नाही. तो पर्याय सर्व्हरवरच्या सगळ्या ग्रुपांना एकदम लागू होतो, आणि रिकामं पडलेलं पोर्ट कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्विचच्या बाजूनेही एक इलाज असतो. सिस्कोच्या काही स्विचांत लिंक स्टेट ट्रॅकिंग आहे: अपलिंक गेली की स्विच खालची पोर्टंही मुद्दाम पाडतो, म्हणजे दिवा खरं बोलायला लागतो. बँकेच्या स्विचवर तो लावलाही गेला. पण तो लावणं न लावणं दुसऱ्या विभागाच्या हाती, आणि स्विच बदलला की नव्यावर तो कुणी आठवणीने लावेल याची खात्री नाही. म्हणून सर्व्हरने स्वतःची वाट स्वतः तपासावी याच मताचा मी आहे.

हा दोष एकट्या सोलारिसचा नाही. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये (पोर्टं एकत्र बांधण्याच्या तिथल्या सोयीत) एमआयआयमॉनवर विसंबलं तर तोही फक्त दिवाच पाहतो. एआरपी इंटरव्हल आणि एआरपी आयपी टार्गेट दिले तर वाट पाहतो, आणि तिथेही लक्ष्य कुठे आहे हाच प्रश्न. आयबीएमच्या एआयएक्स सिस्टिमच्या इथरचॅनेलमध्ये पिंग करायचा पत्ता देण्याची सोय आहे, बहुतेक ठिकाणी तो रकाना रिकामा दिसतो. लिंक अ‍ॅग्रिगेशनने, म्हणजे अनेक दुवे एकत्र बांधून एक करणाऱ्या एलएसीपीने, हे सुटेल असं काहींना वाटतं. साधं अ‍ॅग्रिगेशन एकाच स्विचपर्यंत जातं. तो स्विच किंवा त्याची अपलिंक गेली तर सगळंच गेलं.

पुढे बँकेने सर्व्हर बदलला आणि सोलारिस ११ आलं. त्यात आयपीएमपीची रचनाच नवी आहे. पत्ते या पोर्टावरून त्या पोर्टावर उड्या मारत नाहीत. ग्रुपचा स्वतःचा एक इंटरफेस असतो, डेटाचे पत्ते त्याच्यावर बसतात आणि पोर्टं त्याच्या खाली कामाला लागतात. आयपीएडीएम क्रिएट-आयपीएमपीने ग्रुप बनवायचा, अ‍ॅड-आयपीएमपीने पोर्टं घालायची, मग क्रिएट-अ‍ॅडरने पत्ते. होस्ट रूटही रूट -पी ने टाकला की टिकतो, स्क्रिप्टची गरज उरत नाही. पण माझ्यासारख्याला सगळ्यात आवडलं ते आयपीएमपीस्टॅट. -पी दिला की प्रोब जाताना-येताना डोळ्यांसमोर दिसतात, कोणतं लक्ष्य, किती मिलिसेकंद. -टी दिला की प्रत्येक पोर्टाची लक्ष्यं आणि शेजारी मोडचा रकाना, जसं की रूट्स, मल्टिकास्ट किंवा डिसेबल्ड. जी गोष्ट सोलारिस १०मध्ये बुटिंगच्या ओळींत हरवून जायची ती इथे एका शब्दात समोर येते.

त्या एका रकान्यावर बँकेच्या सगळ्या सोलारिस सर्व्हरांची यादी तपासली. मल्टिकास्ट दिसलं तिथे लक्ष्यं नेमून दिली, डिसेबल्ड दिसलं तिथे चाचणी पत्ते दिले. बॅकअप सर्व्हर मात्र डिसेबल्डच ठेवला, ऑडिटरने दोनदा विचारलं तरी. त्याची दोन्ही पोर्टं थेट दोन कोअर स्विचांत जातात, मधे अ‍ॅक्सेस स्विच नाही, अपलिंक नाही. तिथे दिवा जे सांगतो तेच खरं असतं, आणि बाकीच्या सगळ्या सर्व्हरांचे प्रोब त्याच्यावर येत असताना त्याने आणखी कुणाला विचारत बसायचं कारण नाही.